कशावर हसलात?

ते विनोदी नाटकं बसवायचे, आणि तालमीत कोणी हसलं की त्यांचा चेहरा उतरायचा.

आमच्या टाउनशिपमध्ये गणपतीत मराठी मंडळाचं एक नाटक असायचं. लिहायचे तेच, बसवायचेही तेच, आणि नाटकात दर वेळी कारखान्याची, साहेबलोकांची, म्हणजे शेवटी आम्हा सगळ्यांचीच टर उडवलेली असायची. मी तेव्हा नोकरी लागून नुकताच भोपाळला आलो होतो. कॉलेजात असताना दोन-चार एकांकिकांत कामं केली होती, तेवढ्या भांडवलावर मंडळाच्या तालमीला गेलो. मला एका कारकुनाचं काम मिळालं. माझ्या पहिल्याच वाक्याला सगळे खो खो हसले. मी खूश. त्यांनी हात वर करून तालीम थांबवली.

"हे वाक्य काढून टाका."

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. "का? सगळे हसले की."

"तेच तर. कशावर हसले?"

"विनोद आहे म्हणून हसले."

"मला शक आहे," ते म्हणाले.

आणि त्यांनी खरोखर एकेकाला उभं करून विचारलं. सुरुवातीला कोणी काही सांगेना. मग एकानं मान खाली घालून कबूल केलं की माझा आवाज हुबेहूब स्टोअर्समधल्या एका अधिकाऱ्यासारखा आहे, आणि तो अधिकारी कोणालाच आवडत नाही. मी त्या अधिकाऱ्याला पाहिलंही नव्हतं.

"बघितलं?" ते मला म्हणाले. "तुम्ही नवीन आहात, तुमचा काही दोष नाही. पण हे लोक वाक्याला हसलेच नाही. वाक्य तर यांनी ऐकलं पण नाही."

वाक्य गेलं. ते त्यांनीच लिहिलेलं होतं, आणि मला विचाराल तर चांगलं होतं.

ते ग्वाल्हेरचे. घराणं तिथे कधीपासून आहे ते त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. त्यांची मराठी घरातलीच, पण हिंदीत भिजलेली. आम्हाला शंका यायची, त्यांना 'शक' असायचा. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. ओतकामातून आलेला तुकडा ते छोट्या हातोडीनं ठोकायचे आणि कान जवळ नेऊन आवाज ऐकायचे. आत कुठे चीर असली की आवाज बद्द येतो. तुकडा पास करताना त्यांना त्रास व्हायचा, नापास करताना नाही. टाउनशिपमधली पोरं पाठीमागे त्यांना 'रिजेक्शनकाका' म्हणायची. हे त्यांच्या कानावर होतं. "चांगलं नाव आहे," ते म्हणाले. "तोंडावर 'काका नमस्ते' म्हणतात, त्याच्यावर माझा काही भरोसा नाही."

नाटक संपलं की आम्ही नट मंडळी पाठ थोपटून घ्यायला उभे राहायचो. ते मात्र तिथून गायब व्हायचे. त्यांचं खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं. बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात, कारखान्याच्या बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत ते लोकांना गाठायचे.

"काल तुम्ही खूप हसले. कशावर हसलात?"

एकदा मी सोबत होतो. समोर अकाउंट्समधले एक गृहस्थ, हातात दुधी. ते म्हणाले, "वा, फारच मजा आली. काय एकेक वाक्य होतं."

"कोणतं?"

गृहस्थ दुधीकडे बघत राहिले. "ते हे... साहेबाचं. ते साहेब येतात तेव्हाचं."

"साहेब तर पूर्ण नाटकात येतच नाही. त्यांची नुसती वाट पाहतात."

गृहस्थांनी घाईनं पैसे दिले आणि ते निघून गेले. त्यांची बायको मात्र थांबली. ती म्हणाली, "खरं सांगू का भाऊजी? मला मागे नीट ऐकूच येत नव्हतं. सगळे हसत होते, म्हणजे काहीतरी असेलच, म्हणून मी पण हसले."

त्यांनी तिला हात जोडून नमस्कार केला. मला वाटलं, टोमणा आहे. तसं नव्हतं. परतताना स्कूटरवर ते म्हणाले, "पूर्ण टाउनशिपमध्ये एक खरं बोलणारी बाई मिळाली."

लोक हळूहळू त्यांना टाळायला लागले. ते लांबून दिसले की भाजीची पिशवी घेऊन माणसं दुसऱ्या गल्लीत वळायची. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, याचं काही वाटत नसे. एकदा चहा देताना त्या मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात अंतरपाटाच्या मागे मी हसले होते. अजून विचारतात, का हसलीस."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की विचारायचं बंद करतील ना."

हे सगळं कुठून आलं, हे मी त्यांना एकदाच विचारलं. कारखान्याची बस बिघडून रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि ड्रायव्हर खाली वाकून काहीतरी खटपट करत होता. ते खिडकीतून बाहेर बघत सांगायला लागले. त्यांच्या लहानपणी मोहल्ल्यात होळीला मंच बांधून मोठमोठ्या माणसांना गमतीच्या पदव्या द्यायचे. त्यांचे वडील शाळेत मास्तर. कडक, पण स्वतःच्या हेडमास्तरासमोर फार वाकणारे. त्या वर्षी मंचावर कोणीतरी वडिलांची नक्कल केली. पाठीला बाक काढून, हात चोळत, "जी, जी" करत. सगळा मोहल्ला लोळत होता. "मी पण हसत होतो," ते म्हणाले. "बाबांच्या बाजूला बसून. सगळ्यांत जोरात. मग मी बाबांकडे बघितलं. ते पण हसत होते."

"मग चांगलंच की. खिलाडू होते."

"घरी आल्यावर ते जेवले नाही."

तेवढ्यात बस सुरू झाली. ही गोष्ट खरी, की माझं तोंड बंद करायला सांगितलेली, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यांच्या सहवासात ही खोड मलाही लागली.

आता त्या नाटकाबद्दल सांगतो, ज्यानंतर सगळं बिनसलं.

नाटकात एक यंत्र होतं. ते कधीच चालत नाही, पण दर वर्षी नवे साहेब येतात आणि त्याचं नव्यानं उद्घाटन करतात. आमच्या कारखान्यात असं एक यंत्र खरोखर होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या लिखाणात मला सगळ्यांत आवडलेलं नाटक तेच. मी उद्घाटनाची फीत धरून उभा राहणारा फोरमन झालो होतो. फीत दर वर्षी तीच, फक्त इस्त्री करून आणलेली.

अडचण होती ती जीएम साहेबांच्या सोफ्याची. क्लबच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत गेस्ट हाउसचे सोफे मांडत, आणि मधल्या सोफ्यावर जीएम साहेब बसत. मागची सगळी माणसं नाटक बघताना अर्धं लक्ष साहेबांच्या पाठीवर ठेवून असत. साहेबांचे खांदे हलले की हॉल हसायचा. नाही हलले की खोकल्याचे आवाज. स्टेजवरून हे आम्हाला स्वच्छ दिसायचं.

"या वर्षी सोफा मागे," त्यांनी जाहीर केलं.

मंडळाचे अध्यक्ष घाबरले. "अहो, साहेबांना मागे बसवायचं?"

"मागे पंखा चांगला आहे. तसंच सांगा."

आणि खरोखर सोफा शेवटच्या रांगेत गेला. जीएम साहेब सज्जन होते, पंख्याबद्दल आभार मानून बसले. पडदा उघडला. पहिला विनोद झाला आणि मला समोर एकही चेहरा दिसेना. दिसले ते नुसते गजरे आणि टकलं. सगळा हॉल माना वळवून मागे बघत होता, साहेब हसले का ते.

दुसऱ्या विनोदाला पुन्हा तेच. आता साहेबांच्या बाजूनं विचार करा. उद्घाटनाची थट्टा चालली आहे, आणि दर थट्टेला सगळा हॉल वळून तुमच्याकडे बघतो आहे. माणूस किती वेळ हसरा राहील? त्यांनी आधी रुमाल काढला, मग घड्याळ बघितलं, आणि मध्यंतराच्या आत ते उठून गेले. त्यानंतर आम्ही जे काही केलं ते भिंतींसमोर. विंगेत ते उभे होते, डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून. ऐकत होते.

महिन्याभरात तेच नाटक आम्हाला भोपाळमधल्याच शाहपुऱ्यातल्या मराठी मंडळींनी बोलावून करायला लावलं. तिथे शिक्षक, दुकानदार, वकील. आमच्या साहेबांना तिथे कोणी ओळखत नव्हतं. नाटकाला असं काही हसले की मला दोन वाक्यांच्या मध्ये थांबून राहावं लागलं. संपल्यावर मी घामाघूम, डोक्यात नुसती नशा. त्यांना म्हटलं, "बघा. नाटक चांगलं होतं. चूक हॉलची होती."

"मला शक आहे."

मी चिडलो. "आता काय राहिलं?"

"दुसऱ्याच्या साहेबाला हसायला काय लागतं?" ते म्हणाले. "यांच्या मंडळाच्या सेक्रेटरीवर एक वाक्य टाकून बघा बरं. मग समजेल."

"मग तुम्हाला पाहिजे तरी काय?"

त्यांनी चष्मा काढून खिशातल्या घरात ठेवला. मग म्हणाले, "एक माणूस पाहिजे. एकटा बसून, स्वतःच्या साहेबावर, कोणाकडे न बघता हसणारा. असा एक मिळाला तर मी लिहिणं सोडून देईन."

लिहिणं सुटलं, पण वेगळ्या कारणानं. जीएम साहेब उठून गेले ते टाउनशिप विसरली नाही. आधी कोणीतरी म्हणालं की हे युनियनचं काम आहे, त्यांनीच यांच्याकडून नाटक लिहून घेतलं. मग याच्या बरोबर उलटं ऐकू यायला लागलं. हा माणूस दुसऱ्या दिवशी घरोघर विचारत फिरतो, कशावर हसलात म्हणून. कशासाठी विचारतो? कोणाला सांगतो? साहेबावर कोण हसलं, हे वर कळवणारा हाच. एकदा असं म्हटल्यावर मागच्या सगळ्या गोष्टी जुळायला लागल्या. कोणाचं प्रमोशन का अडलं, कोणाला क्वार्टर का मिळालं नाही. माझ्या बायकोनंही एकदा विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडे इतकं जाता, पण त्यांची खात्री आहे ना?"

मी म्हटलं, "आहे." पण ते म्हणायला मला जरा वेळ लागला, हेही खरं.

पुढच्या वर्षी मंडळानं नाटक दुसऱ्याकडे दिलं. अध्यक्ष स्वतः सांगायला गेले, आणि एकट्यानं जायचा धीर होईना म्हणून मला घेऊन गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "सगळ्यांनी एकमतानं ठरवलं?"

"एकमतानं," अध्यक्ष म्हणाले.

"कोणीच विरोध केला नाही?"

"नाही."

"मग मला शक आहे," ते म्हणाले, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

नव्या नाटकाला ते आले होते. एक नवरा, दोन बायका, भरपूर धावपळ, साहेबाचं नाव नाही. सोफा पुन्हा पहिल्या रांगेत. ते भिंतीला टेकून, स्टेजकडे पाठ करून उभे होते आणि हसणाऱ्या लोकांकडे बघत होते. त्यांच्या जवळच्या दोन रांगांत मात्र कोणी हसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणालाही काही विचारलं नाही. त्यानंतर कधीच नाही.

रिटायर झाल्यावर ते भोपाळच्या टोकाला, मिसरोदला एका फ्लॅटमध्ये गेले. मी शाहपुऱ्यात घर केलं. दिवाळीला फोन, कधीमधी भेट. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम ते आवाज बंद करून बघतात, असं वहिनींनी सांगितलं. त्यांना त्या मागून लावलेल्या, डब्यातल्या हसण्याचा राग येतो.

अलीकडेच त्यांच्याकडे जायचं कारण निघालं ते माझ्या मुलीमुळे. मनू पुण्यातली चांगली नोकरी सोडून घरी परत आली आणि स्टँडअप करायला लागली. हिंदीत. कॅफेमध्ये माइक घेऊन उभी राहते आणि सगळ्यांची खिल्ली उडवते. आम्ही नवरा-बायको एकदा बघायला गेलो. तरुण पोरांनी खच्चून भरलेली जागा. तिनं शहराची केली, ट्रॅफिकची केली आणि मग माझी सुरू केली. रिटायर झालेत, पण जुन्या साहेबांचा फोन आला की पापा अजून उभे राहतात, लुंगी सावरत. कॅफे कोसळला. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी हसत होतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. बाहेर पडताना एका पोरानं हात मिळवला, "अंकल, आप तो बड़े स्पोर्टिंग निकले."

मग तिला दिल्लीच्या एका मोठ्या कार्यक्रमाची संधी आली. तिथे थोडंच सादर करायला मिळणार होतं. काय ठेवायचं, काय काढायचं, ते तिला ठरवता येईना. मित्रमैत्रिणी सगळ्यालाच हसतात. मी बायकोला म्हटलं, "तिला सांग, मिसरोदला एक गृहस्थ आहेत." संध्याकाळी बायकोनं उत्तर आणलं. "ती म्हणते, घेऊन चला."

रविवारी दुपारी गेलो. ते आता खूप वाळले आहेत, पण मान तशीच तिरकी. त्यांनी सगळी व्यवस्था सांगितली. वहिनींनी आतल्या खोलीत बसायचं. मी भिंतीजवळच्या खुर्चीवर. मनूनं टीव्हीशेजारी उभं राहायचं. ते स्वतः खिडकीकडे तोंड करून बसले, आमच्याकडे पाठ.

"दादाजी, आप मुझे देखेंगे नहीं?" तिनं विचारलं.

"ऐकतो," ते म्हणाले. "तू बोल. आणि तुम्ही," हे मला, "माझ्याकडे बघू नका."

तिनं सुरुवात केली. पहिल्या विनोदानंतर ती सवयीनं थांबली. कोणी हसलं नाही. पंखा फिरत होता, खालून मंडीदीपकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न आला. दुसऱ्या विनोदानंतरही थांबली. तिच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. तिला तिथून घेऊन जावं असं वाटलं, पण मी बसून राहिलो. हळूहळू तिनं थांबणं सोडलं आणि नुसती बोलत राहिली, जशी कोणाला तरी हकिगत सांगावी तशी.

मग माझा भाग आला. लुंगी झाली. पुढचं मी मराठीत सांगतो.

"मी पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा पापांना फार वाईट वाटलं. ते आईशी बोलले. शेजाऱ्यांशी बोलले. मॉर्निंग वॉकच्या मंडळींत चर्चा झाली. जुन्या साहेबांचं मत घेतलं. मग मला कळवण्यात आलं, थ्रू प्रॉपर चॅनल. आईकडून. मी उत्तर दिलं, आईकडे. त्यावर शेरा मारून ते परत आलं, आईकडून. आम्ही एकाच घरात राहतो. फाईल अजून फिरते आहे."

कॅफेमध्ये याला टाळ्या पडल्या होत्या, शिट्ट्या झाल्या होत्या. मीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती बहुतेक. इथे पंख्याखाली तेच शब्द होते, आणि 'एकाच घरात' म्हणताना तिचा आवाज खाली गेला. कॅफेतही गेला असणार. मला तो ऐकू आला नव्हता. मी खुर्चीच्या हाताकडे बघत बसलो.

ती थांबली. संपलं होतं. त्यांनी खुर्ची वळवली.

"ट्रॅफिकचा भाग काढून टाक. तो तुझा नाही. कोणाचा तरी ऐकलेला आहे."

"त्यालाच सगळ्यांत जास्त हसतात," ती म्हणाली.

"हसणारच. पहिल्यापासून माहीत आहे ना त्यांना."

"और पापावाला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दया नव्हती, राग नव्हता. माझा आवाज कसा येतो तेवढंच ते बघत होते.

"तो ठेव. पण फाईलवर थांबू नको. तिथं टाळ्या येणार म्हणून तू थांबतेस. त्याच्यानंतर एक वाक्य अजून आहे, ते तू गिळतेस."

"कौनसा?"

"मला काय माहीत? तुला माहीत आहे."

वहिनींनी चहा आणला, दिल्लीची थंडी, तिकिटं, इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. "तुम्ही हसलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"तिथं हसला होतात?"

"हो."

त्यांनी मान डोलावली आणि दार लावून घेतलं.

परतताना गाडी मनू चालवत होती. होशंगाबाद रोडवर नेहमीची गर्दी. मी शेजारी बसून समोर बघत होतो. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "ते वाक्य कोणतं?"

"कोणतं वाक्य?"

"फाईलच्या नंतरचं."

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "आईनं विचारायला सांगितलं?"

"नाही. मी विचारतोय."

तिचा विश्वास बसला नसावा. एकदा माझ्याकडे बघून तिनं पुन्हा समोर बघितलं. शाहपुऱ्याच्या तळ्यापाशी तिनं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "मध्येच हसून घालवायचं नाही."

मी मान हलवली, आणि ती सांगायला लागली.